मोजे वर राहायचे कशाच्या आधारावर?

अमेरिकेतल्या सीअर्स, माँटगोमेरी वॉर्ड अशा टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कॅटलॉग आता स्कॅन होऊन कुणालाही पाहायला मिळतात. नांगर, शिवणयंत्रं, पेटी-ऑर्गन, औषधांच्या बाटल्या असं करत पानं उलटत गेलं की एका पानावर आपल्याकडचा वाचक हमखास अडखळतो. तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलाचं चित्र असतं. अंगात बिनबाह्यांची बंडी, तिच्या कमरेभोवती बटणंच बटणं, दोन्ही बाजूंनी मांडीपर्यंत लोंबणारे पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकाला धातूचे चाप. खाली किंमत, वय आणि टपालखर्च. त्याच पानावर तसलेच पट्टे मोठ्या बायकांसाठीही असतात.

हा काय प्रकार आहे? लहान मुलाच्या अंगावर हे लचांड कशासाठी? आणि अशी वस्तू दुकानात न घेता टपालाने कोण मागवत असेल? थोडक्यात उत्तर असं, की हे मोजे वर धरून ठेवण्याचं साधन होतं आणि थंड देशांत ते घरोघरी रोज लागायचं. पण एवढ्यावर थांबलं तर खरी गंमत निसटते. कपड्याचं वजन शरीराने कुठे पेलायचं, या प्रश्नावर तिथे डॉक्टर, आया, कारखानदार आणि टपाल खातं अशा सगळ्यांनी मिळून काढलेला तो तोडगा होता.

## आधी मोजा समजून घेऊ

आपण आज घालतो त्या मोज्यात लायक्राचा धागा असतो. ताणला की लांबतो, सोडला की जागेवर येतो. हा धागा ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधला तो १९५८ साली. त्याआधीची साडेतीनशे वर्षं, म्हणजे विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचं यंत्र बनवलं तेव्हापासून, मोजे लोकरीचे, सुती किंवा श्रीमंतांघरी रेशमी असत. विणलेलं कापड ताणलं जातं खरं, पण ताणलेलं परत आवळून घेण्याची ताकद त्याच्यात कमी. दोन तास चाललं की ते सैल पडणारच.

त्यात मोजा होता मांडीपर्यंतचा. आपला पाय काही सरळ खांब नव्हे. मांडीला जाड, गुडघ्यापाशी बारीक, पोटरीला परत जाड. मांडीवरचा मोजा जरासा सैल पडला की तो उतरून गुडघ्यापाशी गोळा होतो. शिवाय दर पावलाला गुडघा वाकतो आणि मोज्याला खाली ओढतो.

एवढा लांब मोजा घालायचाच कशाला, असं कुणी म्हणेल. बायकांचे झगे पायघोळ असले तरी आतून वारा शिरायचा. मुलांचे कपडे तर गुडघ्यापर्यंतच. मुलींचे फ्रॉक, मुलग्यांच्या गुडघ्याशी संपणाऱ्या विजारी, आणि अगदी लहान मुलगे तर बहिणींसारखेच झगे घालत. मिनेसोटातल्या किंवा कॅनडातल्या हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश उतरतं. घरात एकच शेगडी, शाळेला चालत जायचं. अशा ठिकाणी मांडीपर्यंतचा लोकरी मोजा म्हणजे पोराच्या पायांचं पांघरूणच.

## आवळायचं की टांगायचं?

सर्वांत जुना उपाय म्हणजे गार्टर. गुडघ्याच्या वर किंवा खाली मोज्यावरून गुंडाळायची फीत किंवा पट्टी. आधी ती कापडाची असे, गाठ मारून बांधायची. लंडनच्या थॉमस हॅनकॉकने १८२० साली हातमोजे, मोजे, बूट वगैरेंसाठी रबरी बंदांचं पेटंट घेतलं. पण कच्चं रबर थंडीत कडक होतं आणि उन्हाळ्यात चिकट. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, १८४४ मध्ये तिचं पेटंट झालं, आणि मग रबराचे बारीक धागे सुतात गुंडाळून विणलेली इलॅस्टिकची पट्टी स्वस्तात मिळू लागली.

पण घोडं पेंड खातं ते इथेच. गार्टर काम करतो तो दाबामुळे. मोजा जितका जड, तितकं जास्त आवळायला हवं. शाळेच्या मोज्यांवर रबराच्या पट्ट्या घातलेल्या आपल्यातल्या अनेकांना पोटरीवर उठलेला तो लाल वळ आठवत असेल. तिथल्या मुलांना तर असा पट्टा सकाळपासून रात्रीपर्यंत, वर्षातले सहा-सात महिने घालावा लागे.

दुसरा मार्ग म्हणजे मोजा न आवळता वरून टांगायचा. दोरीवर चिमट्याने लावलेली चादर आठवा. चिमटा चादरीला भोवतीने करकचून बांधत नाही, नुसता काठ पकडतो, वजन दोरीवर जातं आणि दोरीकडून दोन्ही टोकांच्या खुंट्यांवर. मोज्याच्या बाबतीत चिमटा म्हणजे चाप, दोरी म्हणजे पट्टा आणि खुंटी म्हणजे कंबर किंवा खांदा. इंग्रजी कॅटलॉगांत या पट्ट्याला सपोर्टर म्हणत. पुढे मीही तोच शब्द वापरतो.

आता खुंटी कुठे ठोकायची, कमरेवर की खांद्यावर, यावर खरा वाद झाला.

## चार स्त्री डॉक्टरांचं म्हणणं

१८७४ साली बॉस्टनमध्ये स्त्रियांच्या पोशाखावर जाहीर व्याख्यानं झाली. न्यू इंग्लंड विमेन्स क्लबने त्यासाठी समिती नेमली होती आणि अबा गूल्ड वूलसन त्यात पुढे होत्या. बोलणाऱ्यांत मेरी सॅफर्ड-ब्लेक, कॅरोलीन हेस्टिंग्ज, मर्सी जॅक्सन आणि आर्विला हेन्स या चौघी डॉक्टर होत्या. स्त्रीने डॉक्टर होणं हीच तेव्हा तिथे नवलाईची गोष्ट होती, आणि या बाया उभ्या राहून भर सभेत अंतर्वस्त्रांबद्दल बोलत होत्या. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

त्यांचा मुद्दा सरळ होता. बाईच्या कमरेवर परकरांचे थरावर थर, त्यांच्या नाड्या, वरून कॉर्सेट. कॉर्सेट म्हणजे देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक किंवा पोलादाच्या पट्ट्या घालून ताठ केलेली, नाड्यांनी आवळायची कंचुकी. एवढा भार मधल्या मऊ भागावर टाकायचा आणि पायांवर गार्टरचा फास, म्हणजे पोटातली इंद्रियं दबणार आणि पायातलं रक्त तुंबणार. त्यापेक्षा सगळे कपडे खांद्यांवरून लोंबू द्यावेत, मोजेही पट्ट्यांनी वरच्या कपड्यालाच जोडावेत, म्हणजे भार हाडांच्या सांगाड्यावर जाईल. १८८१ मध्ये लंडनला रॅशनल ड्रेस सोसायटी स्थापन झाली. तिनेही याच धर्तीची मागणी केली आणि बाईच्या अंतर्वस्त्रांचं वजन सात पौंडांच्या, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंच्या वर जाऊ नये, असं म्हटलं. सव्वातीन किलो ही त्यांनी कमी करून मागितलेली मर्यादा होती, यावरून आधी काय असेल त्याचा अंदाज यावा.

गार्टरमुळे पायाच्या शिरा फुगतात, असं त्या काळचे डॉक्टर छातीठोकपणे सांगत. आज आपल्याला माहीत आहे की व्हेरिकोज व्हेन्सचं मूळ शिरांमधल्या झडपा कमकुवत होण्यात असतं, आणि त्यात अनुवंशिकता, वय, गरोदरपण, तासन् तास उभं राहणं यांचा वाटा मोठा असतो. सगळा दोष गार्टरवर टाकणं बरोबर नव्हतं. पण पायाभोवतीचा घट्ट फास रक्ताच्या परतीच्या वाटेत अडथळा आणतो, हे त्यांचं निरीक्षण खरंच होतं.

## चाप चालतो कसा

सपोर्टरचा चाप हातात घेऊन पाहिला तर त्याचे दोनच भाग दिसतात. एक छोटी जीभ, तिच्यावर बोंडासारखं बटण. दुसरी तारेची कडी, वरून रुंद आणि खाली निमुळती, कुलुपाच्या किल्लीच्या भोकासारखी. मोज्याचा काठ दुहेरी विणलेला असतो. तो काठ बटणावर पसरायचा, वरून कडीचा रुंद भाग बटणावरून घालायचा आणि कडी सरकवून निमुळता भाग बटणाच्या मानेत अडकवायचा. मोजा खाली ओढला गेला की कडी आणखी घट्ट बसते. म्हणजे जो ओढा मोजा खाली आणतो, तोच त्याला पकडूनही ठेवतो.

सुरुवातीची बटणं धातूची होती आणि ती मोज्याला भोक पाडत. विणलेल्या कापडाचा एक टाका तुटला की खालपर्यंत उसवत जातं. दुहेरी काठ सोडून चाप जरा खाली लावला की हमखास नुकसान. आईला रात्री दिव्याशी बसून रफू करण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून बॉस्टनच्या जॉर्ज फ्रॉस्ट कंपनीने धातूच्या बोंडाजागी रबरी बटण आणलं आणि ‘वेल्वेट ग्रिप’ नावाने त्याची धूमधडाक्यात जाहिरात केली. शिकागोच्या ए. स्टाइन कंपनीचे मुलांसाठीचे ‘हिकरी’ गार्टर याच चढाओढीतले.

पट्टा इलॅस्टिकचाच का हवा, हे उठून बसून पाहिलं की कळतं. माणूस खुर्चीत बसला की कमरेपासून मांडीच्या पुढच्या बाजूपर्यंतचं अंतर कमी होतं आणि मागचं वाढतं. साधी कापडी पट्टी असती तर ती पुढून सैल लोंबली असती आणि मागून तुटली असती, किंवा तिने मोजा फाडला असता. मूल तर दिवसभर पळतं, झाडावर चढतं, गुडघ्यावर बसतं. इलॅस्टिक हा फरक सामावून घेतं. उरलेलं काम मधल्या सरकत्या बकलाचं. मूल वाढलं की बक्कल एक बोट खाली.

इलॅस्टिकचं दुखणंही होतं. घाम, तेलकटपणा आणि ऊन यांनी रबर मरतं. कपडे तेव्हा उकळून धुवत, त्यात तर ते टिकणं शक्यच नव्हतं. म्हणून सपोर्टर मूळ कपड्यापासून सुटा करता येईल असा बनवत. बंडी धुवायला गेली, पट्टे काढून ठेवले. पट्ट्यांचा जीव गेला, नवी जोडी मागवली.

## मुलांची बंडी: बारीकसारीक गोष्टींत मुरलेलं डोकं

मुलांच्या त्या बंडीला तिथे वेस्ट म्हणत. पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात तिचा मोठा कारखाना होता, ‘नाझरेथ वेस्ट’ नावानेच ती विकली जायची. विणलेल्या मऊ कापडाची, खांद्यावरून कमरेपर्यंत मजबूत फितीचे पट्टे शिवलेली. बटणं नुसत्या कापडावर लावलेली नसत, फितीवर पक्की केलेली असत, कारण त्यांच्यावर चड्डी, विजार किंवा परकर असं सगळंच अडकवायचं. ओढा बटणावर, बटणाकडून फितीवर, फितीकडून खांद्यावर. बॉस्टनच्या डॉक्टरणींनी जे सभेत मांडलं ते इथे पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर प्रत्यक्षात उतरलं होतं.

या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वांत आवडते ती पिन-नळी. सपोर्टर बंडीला जोडायचा तो सेफ्टी पिनने. वॉल्टर हंटने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली तीच आपली घरगुती पिन. पण रोज त्याच जागी पिन खुपसली तर कापडाची चाळण होणार. म्हणून बंडीच्या दोन्ही बाजूंना, फितीच्या खाली, जेमतेम पेराएवढी धातूची नळी आडवी शिवलेली असे. पिन त्या नळीतून जायची. कापडाला भोक नाही, आणि अर्धवट झोपेतल्या चुळबुळ्या पोराला पिन टोचायची भीतीही कमी. कुणीतरी आईच्या सकाळच्या घाईचा विचार करून हे काढलं असणार, असं ती नळी पाहिली की वाटतं.

इंग्लंडमध्ये याच जातीचा कपडा ‘लिबर्टी बॉडिस’ म्हणून प्रसिद्ध झाला. लेस्टरशायरमधल्या मार्केट हारबरो गावच्या सिमिंग्टन कंपनीने तो १९०८ मध्ये काढला. ही कंपनी मुळात कॉर्सेट बनवणारी. आतून लव असलेलं उबदार कापड, वरून फितीच्या उभ्या पट्ट्या, खाली सपोर्टरसाठी बटणं. पुढे त्याला रबरी बटणंही आली. कपडे पिळायच्या रुळांत ती फुटत नसत. तिथल्या आज्यांच्या बोलण्यात लिबर्टी बॉडिस अजून येतो, आणि कंपनीचा जुना संग्रह लेस्टरशायर काउंटीने जपून ठेवला आहे. जर्मनीत मुलांच्या अशा बंडीला ‘लाइबशेन’ म्हणत. तिथे तर मुलगेसुद्धा १९५० च्या दशकापर्यंत ती आणि तपकिरी लांब मोजे घालून शाळेत जात.

## पण टपालाने का मागवायचं?

तेव्हाच्या अमेरिकेतली बहुसंख्य माणसं शेतावर किंवा छोट्या गावात राहत. गावात एक दुकान. मालक पुरुष, गिऱ्हाइकं ओळखीची, चार बाप्ये शेगडीभोवती गप्पा मारत बसलेले. तिथे बाईने कॉर्सेटचं माप आणि मोज्यांचे पट्टे कसे मागायचे? माल मोजका, भाव दुकानदार सांगेल तो, उधारीचा बोजा डोक्यावर.

माँटगोमेरी वॉर्ड या शिकागोच्या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये १६३ वस्तूंची एक पानी यादी छापली आणि टपालाने माल विकायला सुरुवात केली. माल आवडला नाही तर पैसे परत, ही हमीही त्याने दिली. रिचर्ड सीअर्सने घड्याळं विकून सुरुवात केली. १८९३ मध्ये सीअर्स, रोबक अँड कंपनी हे नाव आलं आणि १८९५ चा कॅटलॉग ५३२ पानांचा झाला. १८९६ पासून अमेरिकी टपाल खात्याने खेड्यापाड्यांत शेतावर नेऊन टपाल वाटण्याचा प्रयोग सुरू केला, १९०२ मध्ये तो कायमचा झाला. कॅटलॉग थेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडला.

या खरेदीत सपोर्टर आणि बंड्या का शोभून दिसत, ते वजनावरून कळतं. १९१३ च्या १ जानेवारीला पार्सल पोस्ट सुरू होईपर्यंत तिथलं टपाल खातं चार पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १.८ किलोपेक्षा जड पुडकं घेतच नसे. शेगडी किंवा नांगर मागवला तर तो रेल्वेने स्टेशनवर यायचा, गाडी जुंपून आणायला जावं लागायचं. मुलाची बंडी नि दोन जोड्या पट्टे मात्र पाकिटासारखे घरपोच. कॅटलॉगात किमतीशेजारी टपालखर्च किती सेंट तेही छापलेलं असे. जॉर्ज फ्रॉस्टसारखे कारखानदार तर मासिकातल्या जाहिरातीत लिहीत, की पैसे पाठवा, नमुन्याची जोडी टपालाने येईल: सुती २५ सेंट, रेशमी ५० सेंट.

गुप्तता हा दुसरा मोठा फायदा. गावचे दुकानदार या कंपन्यांवर इतके चिडलेले होते की काही ठिकाणी त्यांनी कॅटलॉग गोळा करून त्यांची होळी केली. सीअर्सने म्हणून एका काळी पुडक्यांवर आपलं नाव छापणंच बंद केलं होतं. कोणी काय मागवलं, हे गावाला कळायला नको. शिवाय पत्र कसंही, कुठल्याही भाषेत लिहा, आम्ही समजून घेऊ, असंही कंपनी सांगे. नुकत्याच आलेल्या जर्मन, स्वीडिश, पोलिश कुटुंबांना याचा केवढा आधार वाटला असेल. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा अनुभव तर आणखी वेगळा. गावच्या दुकानात त्यांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं, हलका माल गळ्यात मारायचा, अपमान वेगळाच. कॅटलॉगात मात्र एकच छापील भाव, गोऱ्यालाही आणि काळ्यालाही.

## अंगावर घालून न पाहता माप कसं जमायचं?

मुलांच्या बाबतीत सोपं होतं. वय लिहा. बंड्या दोन वर्षांपासून बारा-चौदा वर्षांपर्यंत वयावर मिळत. विणलेलं कापड थोडं सैल-घट्ट सामावून घेई आणि उरलेलं काम सरकतं बक्कल करी. कॉर्सेटचं माप इंचांत, कंबर मोजून कळवायचं.

खरं सांगायचं तर टपालाने विकायला हीच वस्तू योग्य होती, कारण ती मुळातच कमी-जास्त करता येण्यासारखी होती. कमी-जास्त होणाऱ्या पट्ट्यांवर तेव्हा कोणकोण डोकं चालवत होतं ते पाहा. मार्क ट्वेन या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या सॅम्युअल क्लेमेन्सने १९ डिसेंबर १८७१ रोजी एक पेटंट मिळवलं. कशाचं, तर वेस्टकोट, विजार, बायकांचं कॉर्सेट अशा कपड्यांना लावता-काढता येणाऱ्या, सैल-घट्ट होणाऱ्या पट्टीचं. एवढा नावाजलेला लेखक कपडा अंगावर नीट कसा बसेल याची काळजी करत होता, म्हणजे ही अडचण किती घराघरातली असेल.

## हे सगळं बायकांना जखडण्यासाठीच होतं ना?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

डॉक्टरांची भाषा बाजाराने लगेच उचलली. वॉर्नर बंधू स्वतः डॉक्टर होते. त्यांनी १८७४ मध्ये आरोग्यदायी कॉर्सेट काढलं, दवाखाना सोडला आणि कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला प्रचंड कारखाना उभा केला. न्यूयॉर्कच्या फेरिस बंधूंची ‘गुड सेन्स’ बंडी पोलादी पट्ट्यांऐवजी दोऱ्यांच्या शिवणीने ताठ केलेली, बटणांची, सपोर्टर जोडण्याची सोय असलेली. कॉर्सेटपेक्षा ती नक्कीच सुसह्य होती. पण तीच बंडी मुलीला लहानपणी, मग किशोरवयात, मग बाई झाल्यावर, अशी चढत्या मापांत विकली जायची. म्हणजे कंबर बांधलेली असण्याची सवय पोरवयातच लागायची. मला हे खटकतं, आणि ते खटकायलाच हवं.

१९०० च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. इनेस गाश-सारोत यांनी पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून समोरून सरळ कॉर्सेट सुचवलं. त्याला सपोर्टर पुढून जोडलेले असत. ते दुहेरी काम करत. कॉर्सेट मोज्याला वर धरी आणि मोजा कॉर्सेटला खाली. फॅशनने ते कॉर्सेट उचललं आणि इतकं आवळलं की बाईची पाठच मागे बाकदार झाली. सुधारणेच्या नावाने आलेली गोष्ट पुन्हा फास झाली.

मात्र मुलांच्या बंडीला आणि साध्या सपोर्टरला याच माळेत ओवणं अन्यायाचं होईल. मुलगा-मुलगी दोघांनाही ती होती, थंडीसाठी होती आणि पोटरीवरचा फास तिने सोडवला. नंतरच्या काळात सिनेमांनी नि जाहिरातींनी मोज्यांच्या पट्ट्यांना जो चावट रंग चढवला, तो डोळ्यांपुढे ठेवून जुनी पानं पाहिली तर काहीच कळणार नाही. ज्यांनी ते मागवले त्या बायांना हिवाळ्यात पोरं न कुडकुडता शाळेत पाठवायची होती.

## आपल्याकडे हे कधी आलं होतं का?

नऊवारी-धोतराच्या घरांत याची गरजच नव्हती. पण मुंबईतल्या इंग्रजांच्या, अँग्लो-इंडियन आणि काही पारशी घरांत लांब मोजे होते. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचा जाडजूड कॅटलॉग हिंदुस्थानातल्या छावण्यांपर्यंत जायचा. १८९१ मध्ये त्यांनी मुंबईतच दुकान थाटलं. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्या दमट हवेत आणि घामात तिथल्या इलॅस्टिकला किती दिवस लाभत असतील, याची कल्पना करवते.

टपालाने माल मागवण्यात मात्र आपण मागे नव्हतो. माल हातात आल्यावर पोस्टमनला पैसे देण्याची व्ही.पी.ची सोय हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ मध्येच सुरू केली होती. अमेरिकी टपाल खात्याने ती दिली १ जुलै १९१३ रोजी, म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी. तोवर तिथल्या शेतकरणीला एक तर आधी पैसे पाठवावे लागत, नाहीतर खासगी एक्स्प्रेस कंपनीचे उंबरे झिजवावे लागत.

## मग ते गेलं कुठे?

मुलांच्या अंगावरून ते आधी गेलं. १९२० नंतर घोट्यापर्यंतचे मोजे आले, मुलग्यांना पूर्ण लांबीची विजार लवकर मिळू लागली, मुलींनाही हिवाळ्यात जाड विजारी घालायला परवानगी मिळाली. घरं नीट तापू लागली, शाळेची बस आली.

बायकांकडे ते आणखी टिकलं, कारण नायलॉन आलं तरी प्रश्न तोच राहिला. १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर नायलॉनचे मोजे विक्रीला आले आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. पण ते नायलॉनही पायावर स्वतःहून टिकणारं नव्हतं, पट्टे लागायचेच. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा रबराचा मुख्य पुरवठा तुटला. नायलॉन पॅराशूटकडे वळलं आणि इलॅस्टिकही दुर्मीळ झालं.

शेवटचा घाव घातला तो १९५९ मध्ये. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन कारखान्याने चड्डी आणि मोजे एकत्र विणलेला कपडा बाजारात आणला. कारखान्याचे मालक ॲलन गँट यांच्या पत्नीला गरोदरपणात पोटावर पट्टे आणि खाली मोजे ही कसरत नकोशी झाली आणि तिथून ही कल्पना निघाली, असं सांगितलं जातं. काही वर्षांतच मिनीस्कर्ट आला. पट्टे झाकायला कापडच उरलं नाही, आणि नव्या मोज्यांनी बाजार काबीज केला.

तरीही टांगायचं की आवळायचं हा प्रश्न संपलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा शिरांच्या त्रासासाठी डॉक्टर जे दाब देणारे मांडीपर्यंतचे मोजे देतात, त्यांचा वरचा काठ सिलिकॉनच्या पट्टीने चिकटून राहतो. ती पट्टी ज्यांच्या कातडीला सोसत नाही, त्यांच्यासाठी कमरेला बांधायच्या पट्ट्याची सोय असलेले मोजेही मिळतात. घरात कुणाला असे मोजे घालायचे असतील तर एवढं बघा: काठ खाली गुंडाळला जाऊ देऊ नका, कारण गुंडाळलेला काठ फासासारखा रुततो. मोजा घसरत असेल तर वरून दुमडून घट्ट करू नका, माप पुन्हा घ्यायला सांगा.